दोन सीटांची सोयरीक

गनीनं गाडी घेतली हे ऐकून हव्वाबीला आधी फार आनंद झाला. चला, म्हणाली, आता शारजाला जायचं तर टॅक्सीवाल्याच्या पाया पडायला नको, मांडीवर बकरी घेऊन बसलेल्या माणसाला खेटून बसायला नको. मग संध्याकाळी हा तिचा लाडका धाकटा भाऊ गाडी घेऊन दारात आला, आणि तिनं पाहिलं तर गाडीला वर छप्पर नाही, मागं बाक नाही, बसायच्या जागा काय त्या दोन.

"बाकीची कुठं राहिली?" तिनं विचारलं.

"बाकीची काय, आपा? स्पोर्ट्‌स कार आहे ही. एवढीच असते."

गनी दुबईतल्या देऱ्याला, खाडीवरच्या एका शिपिंग कंपनीत टॅली क्लार्क होता. बोटीतून उतरणारी पोती मोजायची, हे त्याचं काम. कुणी एक इंग्रज इंजिनीयर विलायतेला परत निघाला, त्याची ही लाल गाडी गनीच्या डोळ्यात भरली आणि मग त्याला रात्री झोप येईना. साल चौसष्ट. दुबईत डांबरी रस्ता म्हणावा असा तुकडा पुलाच्या आसपास काय तो, बाकी सगळी वाळू. अशा गावात जमिनीपासून वीतभर उंच गाडी घेणं म्हणजे रत्नागिरीजवळच्या त्यांच्या करल्याच्या खाडीत उंट पाळण्यातला प्रकार. त्यात उन्हाळाभर ती तव्यासारखी तापायची, म्हणून गोणपाटाखाली झाकून ठेवायची आणि थंडी पडली की बाहेर काढायची. हव्वाबी म्हणायची, "आमच्या गनीची गाडी हिवाळी भाजीसारखी आहे. चार महिने मिळते."

बोलण्यात हव्वाबीचा हात धरणारं देऱ्यात कुणी नव्हतं. अडचण एवढीच, की ऐकणारंही कुणी नव्हतं. नवरा हमदुल्ला सकाळी दुकानात जायचा तो मगरीबला, दिवस मावळल्यावर परत. दोन्ही मुलगे रत्नागिरीला आजीकडे, शाळेसाठी. गल्लीत एक इराणी कुटुंब होतं, एक बलुची, पलीकडे दोन घरं अरबांची. सगळ्या बायका हसून बघायच्या, हातावर खजूर ठेवायच्या, आणि मग दोन्हीकडचे शब्द संपायचे. करल्याची, राजीवड्याची पुरुषमाणसं पुष्कळ होती, पण ती सगळी बायका गावाला ठेवून आलेली. आपल्या बोलीत, आपल्या हेलात, मिठाला मीठ आणि भाताला भात म्हणणारी एक बाई तिला सहा वर्षांत मिळाली नव्हती.

म्हणून शारजाच्या खैरुद्दीनकडे लग्नाची मुलगी आहे असं कळलं तेव्हा हव्वाबीनं दुसऱ्याच दिवशी गनीच्या लग्नाचं मनावर घेतलं. लोकांना ती सांगायची की पोराचं वय झालं, संसाराला लागला पाहिजे. ते काही खोटं नव्हतं. पण मनातल्या मनात ती भावासाठी बायको शोधत नव्हती, स्वतःसाठी भावजय शोधत होती. त्या मुलीचं नाव अन्वरी. आईबरोबर वर्षापूर्वी दाभोळहून आलेली. तिचा बाप, म्हणजे हा खैरुद्दीन, शारजाच्या विमानतळावर गाड्यांच्या वर्कशॉपात फिटर होता, आणि फिटर असल्यामुळे त्याला प्रत्येक गाडीबद्दल मत होतं.

"मुलगा चांगला असेल," त्यानं निरोप पाठवला होता, "पण दोन सीटांची गाडी घेणाऱ्याची अक्कल काय म्हणायची? उद्या सासूला दवाखान्यात न्यायचं झालं तर डिकीत घालणार का?"

तरी त्यानं नाही म्हटलं नव्हतं. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर या आणि रीतसर बोला, असं म्हटलं होतं. त्यानंतर मात्र जमणार नव्हतं, कारण रविवारच्या आगबोटीनं मायलेकी गावाला निघाल्या होत्या आणि तिकडे दापोलीतल्या एका मुलाची माणसं हात धुऊन मागं लागली होती. अन्वरी एकदा त्या आगबोटीत चढली की परत येणार नव्हती, हे हव्वाबीला स्वच्छ दिसत होतं. तिनं तांदळाचा रवा काढला, बाजारातून मलबारी नारळ आणले, आणि शुक्रवारी सांदणं करून न्यायची असं ठरवलं. मागणीला आपल्यात रिकाम्या हातानं जात नाहीत.

आणि बुधवारी पाऊस आला.

दुबईचा पाऊस म्हणजे वर्षातून दोनचार वेळा, आणि तोही पाहुण्यासारखा, येतो तेव्हा कुणाची तयारी नसते. पण हा चांगला पडला. गल्लीत पाणी साचलं, खजुराच्या झावळ्यांची घरं ठिबकायला लागली. आणि टायरच्या दुकानात स्टोअरकीपर असलेल्या हमदुल्लाच्या अंगात काहीतरी संचारलं.

एरवी हमदुल्ला शहाणा माणूस. वर्षभर तो येईल त्या अरबाला एकच सांगायचा: रेतीला रुंद टायर घे, गुळगुळीत घे, हवा अर्धी ठेव, गाडी वरच्यावर तरंगत जाईल. त्याचं म्हणणं बरोबर असायचं आणि लोक मानायचेही. पण तरुणपणी तो कोकणात हातखंब्याच्या रस्त्यावर एका ट्रकवर क्लीनर होता. ओली माती दिसली की त्याचं दुबईतलं सगळं शहाणपण धुऊन जाई आणि खाली हातखंबा उघडा पडे.

"आता रेतीचं टायर खलास!" गुरुवारी तो दुकानातून आला तो हेच बोलत आला. मागून एक माणूस दोन टायर गडगडवत आणत होता. त्यांच्यावर हाताची बोटं शिरतील अशा खोल खाचा होत्या. "ग्रिप पाहिजे, ग्रिप! हे बघ गनी, चिखलाचं टायर. गोडाऊनमध्ये कधीचं पडलं होतं, इथं कोण विचारतो त्याला? साइज तुझ्या गाडीला बसते. मडगार्डाला जरा घासेल, तर हातोडीनं वाकवू."

"भाऊजी, पण तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, रुंद टायर—"

"ते रेतीला! ही काय रेती आहे? बोट घालून बघ. हातखंब्याच्या चढावर आमचा ट्रक कशावर चढायचा? या असल्या टायरावर. बाजूला दहा गाड्या रुतलेल्या असायच्या आणि आम्ही हॉर्न मारत वर."

"आणि वर जाऊन पंक्चर," हव्वाबी आतून म्हणाली. ही गोष्ट तिनं सहा वर्षांत इतक्यांदा ऐकली होती की शेवट तिला पाठ होता.

हमदुल्लानं तिकडे लक्ष दिलं नाही. तो उकिडवा बसून चाकाकडे बघत होता. गनीच्या गाडीची चाकं म्हणजे गनीचा जीव. सायकलीसारख्या तारा, पण बारीक, चकचकीत, आणि इतक्या की बघताना डोळे फिरावेत. मधोमध एक मोठा नट, तो हातोडीनं ठोकून बसवायचा. शुक्रवारची जुमाची नमाज झाली की गनी एकेक तार फडक्यानं पुसत बसायचा. त्या दिवशी त्याला कुणी दुसरं काम सांगायचं नाही.

"ही चाकं पण काढ," हमदुल्ला म्हणाला. "हे चाक आहे का जाळं? चिखल आत जाऊन बसेल. पोलादाची लाव, ताटासारखी, बंद. मी मेकॅनिकशी बोललोय, हब बदलून देतो म्हणाला. दोन तासांचं काम."

गनीचा चेहरा पडला. "भाऊजी, टायर बदला, मी काही म्हणत नाही. पण चाकं नाही. अन्वरीनं गाडी पाहिलीय ती या चाकांवर. आता भाकरीचे तवे लावून जाऊ तिच्या दारात?"

"तिनं चाकं पाहिली?" हव्वाबी बाहेर आली. "तोंड नाही पाहिलं?"

"आपा, तू जरा गप बस."

"मी गप बसले तर तुझं लग्न लागेल का?"

एवढ्यात शेजारच्या खोलीतली करलेकर मंडळी जमली आणि मग काय विचारता. कोकणातल्या माणसाला पैसे मागा, नसतील. सल्ला मागा, आणि मग नुसतं ऐकत बसा. एक म्हणाला साखळ्या बांधा. एक म्हणाला पुढं जुनी टायर ठेवा, मागं नवी लावा. खोलीतला वयानं मोठा वली म्हणाला, त्याच्या मामाच्या बैलगाडीच्या चाकाला काथ्या गुंडाळायचे. पाऊस या एका शब्दावर सगळे आपापल्या गावच्या चढावर जाऊन उभे होते. आपण वाळवंटात आहोत आणि आज इथं पडलेलं पाणी कोकणातल्या पाण्यासारखं वागणार नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

शेवटी तोड निघाली. टायर हमदुल्लाच्या मनासारखी आणि चाकं गनीच्या मनासारखी. दोघंही खूश झाले. गाडीच्या मनात काय होतं ते कुणी विचारलं नाही.

मग दुसरा प्रश्न आला, बसायचं कुणी. मागणी घालायला मुलगा स्वतः जात नाही, वडीलधाऱ्यानं बोलायचं असतं. म्हणजे हमदुल्ला हवा. बरोबर घरची बाई हवी, म्हणजे हव्वाबी हवी. दोन माणसं, दोन जागा, हिशेब तसा नेमका बसत होता. पण हमदुल्ला टायरांतला एवढा जाणकार, त्याला गाडी चालवता येत नव्हती. तेव्हा चालवायला गनी लागणार, आणि त्यानं शारजाच्या अलीकडे मशिदीत बसून राहायचं, सासरच्यांना दिसायचं नाही.

"टॅक्सी करू या," हव्वाबी म्हणाली. "गनी राहू दे घरी."

"घरची गाडी असताना टॅक्सीतनं मागणी?" हमदुल्ला म्हणाला. "खैरुद्दीन काय म्हणेल? गाडी बंद पडली म्हणेल. त्याला तेच तर पाहिजे."

शुक्रवारी आभाळ स्वच्छ होतं. हव्वाबी चांगली साडी नेसून, वर ओढणी घेऊन, मांडीवर सांदणांचा डबा फडक्यात बांधून पुढं बसली. हमदुल्ला मागच्या फळीवर. ती फळी इंग्रजानं छत्री नाहीतर टोपी ठेवायला केली असावी. त्यावर तो गुडघे हनुवटीला लावून, नवी टोपी हातानं दाबून धरून बसला. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. हव्वाबीला हसू येत होतं. पण घराबाहेर पडल्यापासून ती एकसारखी मनात म्हणत होती, या अल्ला, आजचा दिवस नीट जाऊ दे, ती मुलगी मला दे.

देऱ्याहून शारजाला तेव्हा दोन वाटा होत्या. एक आतून, अल कुसैसवरून, लांबची, वाळूवाळूतून. दुसरी समुद्राकाठच्या खाऱ्या सपाट जमिनीवरून, जिला अरब सबखा म्हणतात. ती जवळची, उन्हाळ्यात फरशीसारखी कडक, पण पाऊस झाला की तिकडे कुणी फिरकत नसे. त्या दिवशी सगळ्या गाड्या कुसैसकडे वळत होत्या. गनीनंही चाक तिकडेच वळवलं.

"अरे, तिकडं कुठं?" मागून हमदुल्ला ओरडला.

"कुसैसवरून, भाऊजी. सगळे तिकडूनच चाललेत."

"सगळ्यांना चिखलाची टायर आहेत का? वाळूतनं जायचं होतं तर ही बसवली कशाला? यल्ला, समुद्राकडनं घे!"

हव्वाबी म्हणाली, "अहो, उशीर झाला तरी चालेल, पण पोचू या. सगळे वेडे आणि आपण तेवढे शहाणे का?"

"तुला टायरातलं काय कळतं?" हमदुल्ला म्हणाला. गनीनं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा आरशातून भाऊजींकडे पाहिलं. चांगली टायर बसवून चिखल सोडून जायचं हे त्यालाही पटेना. त्यानं गाडी समुद्राकडे वळवली.

सुरुवातीला छान चाललं होतं. जमीन वाळलेली दिसत होती, वर मिठाची पांढरी साय आलेली. हमदुल्लानं मागून गनीच्या खांद्यावर थाप मारली. "बघितलंस? ग्रिप!" शारजाच्या किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले. हव्वाबीनं हुश्श म्हणून डब्याची गाठ घट्ट केली, आणि गाडीचा मागचा भाग खाली बसला.

ती जमीन वरून पापड होती आणि खाली भिजवलेलं पीठ. रुंद गुळगुळीत टायर असती तर कदाचित पापडावरून तरंगत गेली असती. ही खाचांची टायर पापड फोडून खाली गेली आणि गनी जेवढं ॲक्सिलेटर दाबी तेवढी खणत सुटली. विहीर खणायचं यंत्र त्यांच्यापुढे फिकं पडलं असतं. थोड्याच वेळात गाडी पोटावर टेकली. चिखल तारांच्या आत जाऊन असा गच्च बसला की तारा दिसेनाशा झाल्या. हमदुल्लाला हवी होती तशी ताटासारखी बंद चाकं आता आपोआप झाली होती.

"चाकं!" हमदुल्ला खाली उतरून म्हणाला. त्याची चप्पल चिखलात राहिली, पाय वर आला. "मी म्हटलं होतं, ही चाकं घात करणार."

"चाकं काय करतायत? टायर खणतायत, भाऊजी!"

"टायर पकडतंय! पकडायचंच काम आहे त्याचं!"

हव्वाबीनं आधी वाट पाहिली. मग सूर्याकडे पाहिलं. असरला फार वेळ उरला नव्हता. समोर शारजा डोळ्यांनी दिसत होतं, आणि तिच्या मागं दोन पुरुष चाकाचा दोष की टायराचा यावर इतके रंगात आले होते की आपण कुठं निघालोय हेच विसरले होते. तिला रडू कोसळणार होतं, पण त्याआधी राग आला आणि राग कामाला आला. तिनं चपला हातात घेतल्या, साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचली, डबा डोक्यावर ठेवला आणि चालायला लागली.

"अगं, कुठं चाललीस?"

"मागणी घालायला! तुम्ही चाकाशी लग्न लावा!"

करल्याच्या खाजणात लहानपणी शिंपले वेचत फिरलेले पाय होते ते. पापडावरून कसं जायचं हे त्यांना आठवलं. पुढं गेल्यावर तिला वाळवंटातली एक बदू बाई भेटली, तोंडावर पितळी रंगाचा बुरखा, पुढं लाकडं लादलेली दोन गाढवं. तिनं हव्वाबीकडे पाहिलं, मग लांबवर त्या लाल गाडीकडे पाहिलं, आणि इतकी हसली की गाढवं थांबली. हव्वाबीही हसली. मग दोघी शारजापर्यंत बरोबर चालल्या. बदू बाई अरबीत बोलत होती, हव्वाबी मराठीत. एकीचं दुसरीला काही कळत नव्हतं, पण नवऱ्यांबद्दलच चाललं असावं, कारण दोघी एकाच वेळी कपाळाला हात लावत होत्या. गावाच्या तोंडाशी वाट फुटली तेव्हा हव्वाबीला तिला सोडवेना. कळो न कळो, कुणीतरी आपल्याशी बोलत होतं.

खैरुद्दीन दारातच उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, डोक्यावर डबा घेतलेली बाई पाहून तो घाबरला.

"सलाम वालेकुम. मी गनीची बहीण. देऱ्याहून."

"वालेकुम सलाम. अहो पण, गाडी?"

"रुतली. सबख्यात."

खैरुद्दीनचा चेहरा उजळला. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणूस कसा दिलदार होतो ते बघावं. "रुतली? पोटावर टेकली? मी म्हटलंच होतं! जहांआरा, यांना पाणी दे! काळजी करू नका, मी आत्ता वर्कशॉपची लॉरी काढतो, फळ्या टाकतो, दोर लावतो," असं म्हणत तो जवळजवळ पळतच गेला. इतका उत्साह त्यानं स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नातही दाखवला नसेल.

जहांआराबी, अन्वरीची आई, मोठी आदबशीर बाई. तिनं हव्वाबीला बसवलं, पाणी दिलं, सांदणांचा डबा उघडून वास घेतला, "अगदी घरच्यासारखी" म्हणाली, आणि नमाजाची वेळ झाली म्हणून आत गेली. तेवढ्यात एक मुलगी गरम पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन आली. रंगानं सावळी, भुवया दाट, आणि बोलायच्या आधी ओठ मिटून विचार करणारी.

"पाय द्या इकडं."

"अगं, राहू दे, मी धुते."

"द्या हो. दाभोळला आजीचे धुवायची मी, भातलावणीहून आली की."

बस्स. हव्वाबीला तेवढंच पुरलं. तिचे पाय त्या मुलीच्या हातात होते आणि तोंडाला खळ नव्हता. करल्याचं खाजण, इथली मासळी, इथं न मिळणारी कोकमं, बलुची शेजारीण, मुलाचं आलेलं पत्र, हमदुल्लाचा हातखंबा, सगळं एकातून एक निघत होतं. अन्वरी मधूनच "अय्या" म्हणत होती, मधूनच दाभोळचं काही सांगत होती, आणि दोघी एकमेकींचं बोलणं तोडून बोलत होत्या. पाणी थंड झालं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग अन्वरीनं विचारलं, "तुम्ही दुपारी काय करता तिकडं? सगळे कामाला गेल्यावर?"

"कामं काय थोडी असतात? धुणं, भांडी..." हव्वाबी थांबली. मागणीसाठी तिनं भावाची स्तुती पाठ करून आणली होती: नमाजी आहे, निर्व्यसनी आहे, कंपनीत साहेब त्याला मानतो. पण तोंडातून दुसरंच आलं. "काही नाही करत गं. बसते. कधी मोठ्यानं बोलते एकटीच, आपला आवाज ऐकू यावा म्हणून."

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला लाज वाटली, तरी थांबेना.

"खरं सांगू? गनीला मुली पुष्कळ मिळतील. चांगला आहे तो, गाडीपायी थोडा खुळा आहे, पण खोटं बोलत नाही आणि मनानं साफ आहे. पण मी त्याच्यासाठी नाही आले. माझ्यासाठी आले. मला कुणीतरी बोलायला पाहिजे."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. संपलं, तिला वाटलं. असं कुणी मागणीला बोलतं का? नणंदेला बोलायला हवं म्हणून कुठली मुलगी लग्न करील?

अन्वरी फडकं पिळत होती. पिळून झालं तरी पिळत होती.

"तुमच्या भावाला मी एकदाच पाहिलं," ती म्हणाली. "इथून गाडीतनं गेले ते. एवढी धूळ उडवली, तोंड नीट दिसलंसुद्धा नाही. त्यांना काय बघून हो म्हणायचं, सांगा." तिनं फडकं खाली ठेवलं. "तुम्हाला हो म्हणते. मीही इथं वर्षभर आईशीच बोलतेय. आईला निम्मं ऐकू येत नाही."

हव्वाबीनं तिला जवळ ओढलं. दोघी हसल्या की रडल्या ते सांगता येणार नाही, पण जहांआराबी नमाज आटोपून बाहेर आली तेव्हा तिला वाटलं गावाहून कुणाच्या मैतीची खबर आली.

पुरुष आले ते उन्हं कलताना. लॉरीवर ती लाल गाडी चढवलेली, दोरांनी बांधलेली. हमदुल्ला टोपीपासून टाचेपर्यंत चिखलाचा, पण खैरुद्दीनच्या गळ्यात गळा. वाटेत दोघांची चांगलीच गट्टी जमली होती.

"टायर मात्र बरोबर निवडलं होतं तुम्ही," खैरुद्दीन म्हणत होता. "चिखलाला हेच टायर. जमीनच बदमाश, त्याला तुम्ही काय करणार?"

"हेच मी म्हणतोय!" हमदुल्ला म्हणाला. शेवटी खैरुद्दीनही दाभोळचा माणूस, आपल्या जातीचा चिखल ओळखणारा.

गनीनं मशिदीत बसून राहायचं होतं, पण त्या अंगानं मशिदीत कसा जाणार? तो अंगणात लॉरीवर चढून आपल्या गाडीतच बसला आणि काडीनं तारांमधला चिखल उकरू लागला. अन्वरीनं खिडकीतून त्याला नीट पाहून घेतलं. आता धूळ नव्हती, चिखल होता, तरी पूर्वीपेक्षा बरंच दिसलं असावं, कारण ती फार वेळ खिडकीशी होती.

हमदुल्लानं घसा खाकरून मागणी घातली. दोनचार दिवस घोकलेलं भाषण त्यानं एकही शब्द न गाळता म्हटलं. खैरुद्दीननं मान डोलवली, मुलीला विचारावं लागेल म्हणाला. जहांआराबी आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"हो म्हणते," ती म्हणाली. "कधीची ठरवून बसल्यासारखी वाटतेय."

रविवारच्या आगबोटीची तिकिटं रद्द करायचं ठरलं. सांदणं वाटली. मगरीब झाल्यावर खैरुद्दीननंच सगळ्यांना लॉरीतून देऱ्याला पोचवलं, कुसैसवरून. वर लाल गाडी, गाडीत गनी, आणि केबिनमध्ये हव्वाबीच्या शेजारी दोन्ही व्याही सगळ्या वाटभर टायरांबद्दल बोलत होते.

गाडी उतरवून लॉरी गेली, गनी आपल्या खोलीकडे गेला. हमदुल्ला दाराचं कुलूप काढायला वाकला आणि थांबला.

"तुला बरं नाही का?"

"का? काय झालं?"

"शारजापासून एक शब्द बोलली नाहीस. मी चार वेळा टायर बरोबर होतं म्हणालो. एकदा तुझं नाव घेऊन म्हणालो. तरी काही नाही."

हव्वाबी पायरीवर टेकली. चालून चालून पाय भरून आले होते आणि अंग हलकं वाटत होतं.

"आज माझं बोलून झालंय," ती म्हणाली. "एरवी उरतं."

हमदुल्लानं किल्ली परत खिशात टाकली. मग तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. टायरांबद्दल तो त्या रात्री पुन्हा काही बोलला नाही.